फेड होताना मधलं काय होतं?

या वीकांताचं काम आमच्या मंडळाने गळ्यात मारलं. लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला चाललीय. या गणपतीत शेवटच्या दिवशी पडद्यावर काहीतरी दाखवायचं ठरलं. "तू आयटीत आहेस ना, मग ते गिरणीचं चित्र विरत जातं आणि टॉवर येतो, तसं करून दे." आयटीत असणं म्हणजे प्रिंटरपासून गणपतीपर्यंत सगळं. असो.

काम खरंच सोपं आहे. शाळेत असताना परळच्या एका क्लासमध्ये मी हे फ्लॅशवर शिकलो. फोटो आणायचा, एफ८ दाबून त्याचा सिंबॉल करायचा (हे विसरलं की अल्फा सापडतच नाही आणि आपण तासभर सरांच्या तोंडाकडे बघत बसतो), पहिल्या कीफ्रेमला अल्फा १००, शेवटच्या कीफ्रेमला ०, मध्ये ट्वीन. फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, पण टाइमलाइनची रीत तीच राहिली. एक टीप: वरचा फोटो विरताना खालचा उगवत आणू नका. दोन्ही ५० टक्क्यांवर आले की मागचा काळा रंग पाव हिश्शाने डोकावतो आणि मध्येच चित्र काळवंडतं. खालचा थर पहिल्यापासून १०० वर ठेवायचा, फक्त वरचा विरवायचा. झालं.

वर चिमणी, खाली टॉवर. सेकंदाला २४ फ्रेम, तीन सेकंद, म्हणजे ७२ फ्रेम. आजीला दाखवलं. म्हणाली, "छान आहे रे. पण एवढ्यात झालं?"

तिथे डोकं अडकलं. त्या ७२ फ्रेमपैकी मधल्या ७० कुणी काढलेल्याच नाहीत, ते निव्वळ गणित आहे. याउलट दादासाहेब फाळके बघा. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याच्याआधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवतानाचा छोटा चित्रपट केला होता. कॅमेरा रोपासमोर रोवून दिवसेंदिवस थोडी थोडी फिल्म घेत गेले. पडद्यावर कोंब भराभर वाढतो, पण त्यातली प्रत्येक फ्रेम एकेका खऱ्या दिवसाची. वेळ त्यांनीही आखडलाच की! पण मधलं खोटं नव्हतं.

आमच्या फेडमधलं मधलं काय? १८ जानेवारी १९८२ चा संप, डॉ. दत्ता सामंत, सुमारे अडीच लाख कामगार. आजोबा साचा खात्यात होते, ते परत आत गेलेच नाहीत. आजीने डबे सुरू केले. शेजारची दोन बिऱ्हाडं विरारला गेली. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा म्हाडाला आणि तिसरा शहराला मोकळ्या जागेसाठी होता. २००१ मध्ये तो नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. चिमणी आपोआप धूसर झाली नाही हो. ट्वीन लावला की मात्र तसंच दिसतं, जणू काही हवामानच बदललं.

टॉवरवर माझा राग नाही. त्यातलंच एक घर आम्हालाही मिळणार आहे आणि नळाला दिवसभर पाणी येणार याचा सगळ्यात जास्त आनंद आजीलाच आहे. पण निदान आमच्याच चाळीत, आमच्याच पडद्यावर तरी असा फेड नको.

म्हणून ट्वीन काढून टाकला. आता मध्ये नऊ कीफ्रेम आहेत, एकही विरत नाही, थेट बदलतात. आजोबांचा गिरणीचा पास, डब्यांच्या हिशेबाची वही, रिकामं झालेलं शेजारचं दार... पासला अख्ख्या ७२ फ्रेम दिल्यात. अध्यक्ष म्हणाले, "सणाचे दिवस आहेत, लोकांना रडवू नकोस." मंगळवारी मीटिंग आहे. आजी येणार म्हणतेय, आणि वहीतलं कुठलं पान दाखवायचं ते तीच ठरवणार आहे. मी घेतलेल्या पानावर म्हणे एकाची उधारी लिहिलेली आहे आणि तो अजून चाळीतच राहतो :)