झ्यूस आपला भाऊ, मुलगा नव्हे

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मागे एक मजकूर फिरत आला. ग्रीकांचा झ्यूस नि रोमनांचा ज्युपिटर म्हणजे आपला वेदांतला द्यौष्पिता, आणि म्हणून जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या! भराभर अंगठे वर झाले. यातला पहिला भाग खरा आहे आणि फार सुंदर आहे. त्या 'म्हणून'ला मात्र माझा विरोध आहे.

झ्यूस द्यौपासून निघालेला नाही. ती भावंडं. आई वेगळीच, आणि तिने एक ओळही लिहून ठेवलेली नाही. लेकरांच्या तोंडवळ्यावरून भाषाशास्त्रज्ञ तिचा शब्द जुळवतात, 'द्येउस' असा काहीसा, आणि त्याच्या डोक्यावर एक तारका काढतात. म्हणजे हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, अनुमानाने बांधलेला आहे. ती तारका मला फार आवडते. आपल्या भाषणांतही कुणी अशी वापरली तर किती बरे होईल! असो.

तिकडे झ्यूस ऑलिंपसवर राजा झाला. आपल्याकडे ऋग्वेदात एकट्या द्यौचे एकही सूक्त नाही. पृथ्वीसोबत जोडीने, द्यावापृथिवी म्हणून, ६ आहेत. पुढच्या संस्कृतात तर शब्दच स्त्रीलिंगी झाला. महाभारतात द्यौ नावाचा वसू वसिष्ठांची गाय पळवतो आणि शापाने भीष्म होऊन जन्मतो.

पण आपण त्याला रोज हाक मारतो. 'दिवस' आणि 'देव' त्याच घराण्यातले. आणि 'आज'? संस्कृत अद्य, प्राकृत अज्ज, मराठी आज. त्या 'द्य'मध्ये तोच दडलाय. ('दिवा' मात्र यातला नव्हे, तो 'दीप'वरून आला. वर्गात दरवर्षी कुणीतरी हात वर करून विचारायचेच.)

मग हे मान्य करायला आपल्याला जड का जाते? आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना गेले नाही. १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा तुरुंगात त्यांनी ऋग्वेद वाचला तो मॅक्स म्युलरने पाठवलेला. १९०३ साली त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहून आर्यांचे मूळ घर थेट उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. तो निष्कर्ष आज विद्वान मानत नाहीत. पण वेदांच्या शेजारी त्यांनी अवेस्ता, ग्रीक, नॉर्स कथा मांडल्या आणि सगळ्यांना एकाच कुटुंबातले समजून वाचले. त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. आणि त्यांच्या देशभक्तीवर शंका घेणारा अजून मला भेटायचाय.