दहाव्याआधीचे दहा दिवस

दिवाळीच्या फराळाशेजारी मरणाचा विषय मांडणे काहींना अशुभ वाटेल. वाटो बापडे! पण भाऊबीज आटोपली, की मुंबई-पुण्याच्या गाड्या भरून जातात आणि घरात खोकणारी म्हातारी माणसे मागे उरतात. मग हे बोलायचे तरी केव्हा?

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे दहाव्याचा थाट येऊन पाहावा. नदीकाठी मांडव पडतो, प्रवचन होते, पुढारी ध्वनिक्षेपकावरून श्रद्धांजल्या वाहतात. परगावचा पाहुणाही कामाचा खाडा करून येतो. न आला तर भावकी नावे ठेवते. पण तोच मनुष्य अंथरुणाला खिळला असताना त्याच्या उशाशी कितीजण बसले, हे कोणी विचारते काय? मेल्यावर आम्ही हजेरी लावतो, मरताना नाही.

“रजा मिळत नाही हो!” म्हणतात. मुंबईचे डबेवाले पुष्कळसे आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातले. गावच्या जत्रेसाठी दरसाल काही दिवस ते डबे बंद ठेवतात आणि एवढी मोठी मुंबई ते मुकाट सोसते. देवाच्या जत्रेला जी सवड होते, ती बापाच्या अखेरीला का होऊ नये? सरकारने २००७ साली कायदा करून आईबापांच्या निर्वाहाची तजवीज केली. ठीकच केले. पण पैशाने औषध येते. हात हातात घ्यायला पोटचे मूल लागते.

हे मी नामानिराळा राहून सांगत नाही. मी मास्तर. वडील आजारी पडले, तेव्हा पेपर तपासण्याची सबब सांगून मी रविवारचा पाहुणा झालो. अखेर जाऊन राहिलो, तेव्हा सहाच दिवस उरले होते. जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलेले. पडल्यापडल्या वडील मला त्या गावातून हिंडवू लागले. ही वेस, हा सुताराचा ओटा, हे आपले जोते. मी कादंबऱ्या लिहितो, पण उभ्या जन्मात त्यांना हे विचारले नव्हते. चौथ्या दिवशी ते चावडीपाशी आले आणि वाचा गेली. पुढची आळी मला आता कधीच कळायची नाही. उरलेले दोन दिवस नुसता हात धरून बसलो. मधूनच ते माझी बोटे दाबीत. तेवढीच माझी कमाई.

दहाव्याला मात्र मागताक्षणी रजा मिळाली!

पुंडलिकाने आईबापांच्या सेवेपायी प्रत्यक्ष विठोबाला विटेवर ताटकळत ठेवले. आम्हांला साहेबाला आठ दिवस थांबवता येऊ नये? ज्यांच्या हाती रजा देणे आहे, त्यांनी ती मरणाआधी द्यावी. मांडव लहान घाला, भाषणे कमी करा, पण ते दहा दिवस आधी आणा. कावळा शिवतो की नाही, याची काळजी मग करावी लागणार नाही.

आणि वाचकहो, तुमच्या घरी कोणी खाटेवर असेल, तर उद्याची गाडी चुकवा. फराळाचे ताट घेऊन त्यांच्यापाशी बसा आणि त्यांचे गाव त्यांना विचारा.