बोट धुराकडे हवे



वेल्डरांच्या जनुकांना चुंबकीय क्षेत्राने धोका असल्याचे पत्र वाचले. काळजी रास्त, पण रोख चुकला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये कमी वारंवारतेची चुंबकीय क्षेत्रे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकली, तीही मुख्यतः मुलांच्या रक्तकर्करोगाच्या पाहण्यांवरून. वेल्डिंगचा धूर मात्र 2017 मध्ये तिने निश्चित कर्करोगकारक ठरवला. स्टेनलेस स्टील जोडताना त्यात षट्संयुजी क्रोमियम असते आणि ते डीएनएला इजा करते. त्यामुळे वेल्डरच्या रक्तपेशींत गुणसूत्रांची मोडतोड दिसलीच, तर ती क्षेत्राची की धुराची, हे वेगळे काढणे अवघड.

क्षेत्र कमी करायला पैसा लागत नाही. 200 अँपिअर वाहणाऱ्या एकट्या केबलपासून 10 सेंटीमीटरवर सुमारे 400 मायक्रोटेस्ला क्षेत्र असते. अंतर दुप्पट केले की निम्मे. केबल खांद्यावरून, गळ्यामागून घेऊ नये एवढेच. धुराचे तसे नाही. शटरच्या आत तोंडाला रुमाल बांधून ग्रिल जोडणारी पोरे रोज दिसतात, आणि रुमालाने हा धूर अडत नाही. मालकांनी धूर ओढणारे पंखे आधी बसवावेत, आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने लहान वर्कशॉपांकडेही लक्ष द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, पिंपरी