जुन्या घाटणीच्या नव्या मोटारी नियमांच्या कचाट्यात

अलिबाग : जुन्या मोटारींचे आकर्षण वाढत असताना त्याच घाटणीची नवी मोटार मोजक्या संख्येने बांधणे मात्र देशात दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. याला ग्राहकांची उदासीनता जितकी कारणीभूत आहे, त्याहून अधिक उत्पादनाच्या संख्येचा विचार न करणारी नियमव्यवस्था कारणीभूत आहे.

अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथील 'चिंकारा मोटर्स' हे याचे ठळक उदाहरण. या छोट्या कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात हाताने बांधलेली 'रोडस्टर १.८ एस' ही दोन आसनी उघडी मोटार आणली. तिचा नमुना होता १९५७ ची ब्रिटिश 'लोटस सेव्हन'. कंपनीची 'जीपस्टर' दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपची आठवण करून देणारी होती. रोडस्टरची बाह्यांगे फायबर ग्लासची, तर इंजिन अॅम्बॅसडरमध्ये बसणारे इसुझूचे १.८ लिटरचे होते. अॅम्बॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. उसन्या इंजिनावर उभ्या राहिलेल्या उद्योगाची दोरी अशी कायम दुसऱ्याच्या हाती असते.

ब्रिटनमध्ये मूळ 'सेव्हन'चे हक्क १९७३ मध्ये 'केटरहॅम'कडे गेले आणि तीच मोटार अर्धशतकानंतरही बांधली जात आहे. मागणी मर्यादित असूनही असा उद्योग टिकतो, हे त्यातून दिसते.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम १२६ नुसार प्रत्येक नमुन्याची पुण्यातील 'एआरएआय'सारख्या अधिकृत संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. हा खर्च लाखभर मोटारींवर विभागला की नगण्य ठरतो. वीस-पंचवीस मोटारींवर आला की किंमत आवाक्याबाहेर जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेली 'बीएस-६' मानके आणि सक्तीच्या एअरबॅग यांमुळे हा भार आणखी वाढला. जुन्या वाहनाचे रूप पालटण्याची वाटही अरुंद झाली आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

याउलट, परदेशी कंपन्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली वर्षाला २,५०० वाहने स्थानिक चाचणीविना आयात करण्याची सवलत २०१८ मध्ये मिळाली. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. म्हणजे आयात मोटारीला सवलत आहे, जुन्या मोटारीला मान आहे; देशात नव्याने बांधलेल्या जुन्या घाटणीच्या मोटारीसाठी मात्र तशी सोय नाही.

अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने यावर तोडगा काढला. किमान २५ वर्षांपूर्वीच्या मोटारींच्या प्रतिकृती छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ पर्यंत बांधता येतात. अपघात-सुरक्षेच्या काही अटी शिथिल आहेत, पण इंजिनाला प्रदूषणाचे नियम लागू आहेत.

सुरक्षेचा प्रश्न गौण नाही. रस्ते अपघातांत दरवर्षी दीड लाखाहून अधिक बळी जाणाऱ्या देशात सरसकट सूट परवडणारी नाही. परंतु संख्येची कठोर मर्यादा, आधुनिक इंजिनाची सक्ती आणि ब्रेक व दिव्यांची काटेकोर तपासणी या अटींवर मधला मार्ग शक्य आहे. तो न काढल्यास पत्रा ठोकून आकार देणारे, साचे घडवणारे आणि सांगाडा जोडणारे हात फक्त दुरुस्तीपुरते उरतील. वाहन उत्पादनात जगात आघाडीवर असलेल्या देशासाठी ते नुकसान छोटे नसेल.