आपला विनम्र, पण कुठे?

वसईकरांनो, आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा. पटलं नाही तर भेटल्यावर खुशाल भांडा.

चर्चच्या सणाचे दिवस आले की आपल्याकडे नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात. वर कोपऱ्यात संताचा फोटो, खाली हात जोडलेले आठ-दहा चेहरे, आणि मधला चेहरा संतापेक्षा मोठा. त्याखाली ठळक अक्षरात 'आपला विनम्र'. मिस्साला पुढच्या दोन रांगा मान्यवरांसाठी राखीव. शेवटी आभारांची यादी: मंडप कोणाचा, बँड कोणाचा, रोषणाई कोणाची. आणि बऱ्याचदा त्याच दिवशी प्रवचन असतं ते नम्रतेवर!

कुणा एकाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. वर्गणी देणाऱ्यांमुळे सण होतात, हे मलाही कळतं. माझा मुद्दा वेगळा आहे. नम्रता हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय. मान खाली घालून बोलायचं, 'मी कोण, सगळं देवाचं' म्हणायचं, गुडघे टेकायचे. यातल्या कशानेच खिशाला धक्का लागत नाही आणि मानालाही नाही. म्हणून ते सोयीचं पडतं.

आता शुभवर्तमान उघडून बघा. येशू नम्रतेबद्दल बोलतो तेव्हा अगदी साध्या, डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी सांगतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात लग्नाच्या पंगतीचा विषय आहे. मानाच्या जागेवर जाऊन बसू नका, शेवटच्या जागी बसा, असं तो पाहुण्यांना सांगतो. लगेच यजमानाकडे वळून सांगतो की जेवण घालायचंय तर ज्यांना परतफेड करता येणार नाही अशांना बोलवा. मत्तयच्या सहाव्या अध्यायात दानधर्म गुपचूप करायला सांगितलंय. याकोबाच्या पत्रात तर सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी बसवणाऱ्या मंडळीची चांगलीच कानउघाडणी आहे. त्याच पत्रात पुढे शेतमजुरांची दाबून ठेवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत पोचते, असा इशारा आहे.

म्हणजे काय? तर खुर्ची, पंगत, दान आणि मजुरी. आपली नम्रता तपासायची असेल तर या चार ठिकाणी तपासावी. डोळे मिटून किती वेळ बसलो, याचा हिशोब नंतर.

मजुरीपासून सुरुवात करू. आपल्या वाड्यांत आज केळी, पानवेल, भाजी, फुलं उभी आहेत ती कोणाच्या हातांवर? घरची पोरं सकाळची लोकल पकडून मुंबईला, नाहीतर आखातात. वाडीत राबतात ते बहुतेक आदिवासी मजूर, जव्हार-मोखाडा-विक्रमगडकडून आलेले. घरात भांडी घासायला येणारी बाई, इमारतीचा रखवालदार, गटार साफ करणारा माणूस, हे सगळे रोज आपल्यासमोर असतात. यांना आपण हाक कशी मारतो? चहा वेगळ्या कपातून देतो का? बाई आजारी पडली तर त्या दिवसाचे पैसे कापतो का? उपवासकाळात मांसमच्छी सोडणारा माणूस हा प्रश्न सोडून पुढे गेला, तर त्याच्या उपवासाचा देवाला तरी काय उपयोग?

आमच्या आळीत एक काका आहेत, जुने वाडीवाले. शनिवारी संध्याकाळी वही काढून एकेका मजुराचा हिशोब चुकता करतात, मगच अंघोळीला जातात. एकदा विचारलं, 'एवढी काय घाई? सोमवारी द्या की.' तर म्हणाले, 'रविवारी हात जोडायचेत ना, मग शनिवारी हात मोकळे नकोत का?' काका कधी व्यासपीठावर चढलेले नाहीत. पण मजुरीच्या त्या वहीत मला जेवढी श्रद्धा दिसते तेवढी कुठल्या फ्लेक्सवर दिसलेली नाही.

दुसरी गोष्ट खरेपणाची. वसईत जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि व्यवहारात 'एवढे पांढरे, एवढे काळे' ही भाषा इतकी रुळली की त्यात कोणाला काही वावगं वाटेनासं झालं. दस्तावर एक रक्कम, पिशवीत दुसरी. भावाभावांत वाटणी करताना बहिणीकडून 'हक्कसोड'वर सही घ्यायची आणि तिला सांगायचं, 'अगं, नुसती फॉर्मॅलिटी आहे.' नंतर त्याच पैशातून चर्चला मोठी देणगी द्यायची. मन साफ असल्याच्या गप्पा मारू नयेत, कागद साफ असावा. बहिणीला तिचा वाटा समजावून सांगून मग ती काय ते ठरवेल, एवढं तरी करावं. खरी श्रद्धा कधीकधी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत कसाला लागते.

कोणी म्हणेल, 'वर्षातून एकदा सण, आयुष्यात एकदा लग्न, आम्ही आनंद करायचा नाही का?' जरूर करा. काना गावच्या लग्नात द्राक्षरस संपला तेव्हा येशूने उपदेश केला नाही, पाण्याचा द्राक्षरस केला. त्याला आनंदाचं वावडं नव्हतं. प्रश्न एवढाच आहे की हजार माणसांच्या त्या पंगतीत आपल्या वाडीत राबणाऱ्याचं कुटुंब बसलं होतं की ते मागच्या दाराला डबे घेऊन उभं होतं? आणि शेजाऱ्याच्या बरोबरीने लग्न करायचं म्हणून एखाद्या गरीब बापाने कर्ज काढलं असेल, तर आपल्या थाटाने त्याला त्यात ढकललं, याचाही विचार व्हावा.

आता उलट बाजू. नम्रतेच्या नावाखाली लोकांना गप्प बसवायची आपल्याकडे सवय आहे. मजुराने पैसे मागितले की तो उद्धट. पोरांनी सणाच्या खर्चाचा हिशोब मागितला की त्यांच्यावर संस्कार नाहीत. सुनेने तोंड उघडलं की 'जरा नम्र राहा.' ही नम्रता नव्हे, ही दुसऱ्याची मान दाबणं आहे. नम्रता स्वतःकडून मागायची असते, आपल्यापेक्षा दुबळ्याकडून नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्यातूनच गेले, 25 जुलै 2024 ला. नंदाखालचा हा माणूस बोलायला किती मऊ होता, ते अनेकांनी पाहिलंय. पण वसईची हिरवाई, पाणी आणि जमीन यांचा प्रश्न आला तेव्हा 'हरित वसई'साठी ते रस्त्यावर उतरले, धमक्या आल्या तरी मागे हटले नाहीत. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ धर्मामुळे त्यांना विरोध झाला. आजारी असूनही ते गेले, आपलं म्हणणं मांडून आले, आणि विरोध करणाऱ्यांबद्दल त्यांनी कडवटपणा धरला नाही. स्वतःच्या मानासाठी भांडायचं नाही आणि दुसऱ्याच्या हक्कासाठी गप्प बसायचं नाही. मला तरी नम्रतेची एवढीच व्याख्या पुरते.

पंडिता रमाबाईंचंही तेच. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. संस्कृतचं एवढं पांडित्य असलेल्या या बाईने दुष्काळात उपाशी मरणाऱ्या विधवा आणि मुली गोळा करून केडगावला आणल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घातली. भाषा कशी हवी, तर नुकतं वाचायला शिकलेल्या बाईलाही कळेल अशी सोपी. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आपली विद्वत्ता मिरवायची सोडून ती दुसऱ्याच्या पायरीपर्यंत खाली आणायची, हे सोपं काम नव्हे.

पवित्र गुरुवारी आपल्या चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले जातात. त्या काळी पाय धुणं हे गुलामाचं काम होतं, आणि येशूने त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस या विधीसाठी रोमच्या बालतुरुंगात गेले. ज्यांचे पाय धुतले त्यात मुली होत्या, मुस्लिमही होते. 2016 मध्ये या विधीत स्त्रियांना घ्यायला रीतसर मुभा मिळाली. म्हणजे वाट मोकळी आहे, चालायचं आपण.

म्हणून तीन साध्या सूचना करतो. येत्या सणाला एकही खुर्ची राखीव नको. अपवाद फक्त म्हाताऱ्यांचा आणि अपंगांचा. आमदार, नगरसेवक आले तर आनंदच आहे, जिथे जागा मिळेल तिथे बसतील. दुसरी, देणगीदारांची नावं वाचू नका, जमा-खर्च मात्र पैशापैशाचा फलकावर लावा. तिसरी, पवित्र गुरुवारच्या त्या बारा जणांत गावाची गटारं साफ करणारा, वाडीत राबणारी, घरकाम करणारी माणसं असू द्या. ती ख्रिस्ती नसली आणि विधीत बसायला संकोचली, तर त्यांच्यावर जबरदस्ती नको. त्या दिवशी त्यांचा पगार वाढवा. पाय धुतल्यासारखंच आहे ते.