मॅट्रिकवाल्यांनी मागे बसावे!

अभ्यासवृत्त्या, परिसंवाद, चर्चासत्रे, अध्यासने यांचा सध्या आपल्याकडे सुकाळ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून तर विचारूच नका! विद्वानांना पुरस्कार, विद्यापीठांत अध्यासने, अभ्यासाची केंद्रे अशा घोषणा कानांवर येत आहेत. पंगत मोठी आहे. आमचे म्हणणे एवढेच, की या पंगतीला पेण आणि रोहे यांना बोलावणे आहे ते वाढप्याचे, जेवणाऱ्याचे नव्हे.

ऐन दिवाळीत हे कडू बोलणे कशाला, असे वाचक म्हणतील. पण आम्ही कोकणातली माणसे नरकचतुर्दशीला आधी पायाखाली कारीट फोडतो, त्याचा कडूपणा जिभेला लावतो आणि मगच फराळाला बसतो. हा लेख म्हणजे ते कारीट समजावे.

वासुदेव सीताराम बेंद्रे हे नाव इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. ते मूळचे पेणचे, हे पेणमध्येही फारसे कुणाला ठाऊक नसते. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. घरची परिस्थिती बेताची, म्हणून कॉलेज नाही. लघुलेखन शिकले आणि सरकारी कचेरीत चाकरीला लागले. या लघुलेखकाने १९१८ च्या सुमारास पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची पायरी चढली, १९२८ साली ‘साधन-चिकित्सा’ लिहिली, शिवछत्रपतींचे म्हणून घरोघरी लागलेले चित्र त्यांचे नव्हेच हे दाखवून अस्सल चित्र पुढे आणले आणि १९६० साली संभाजीमहाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. नाटक-कादंबऱ्यांनी (आमच्या जातभाईंनीच, म्हणजे कादंबरीकारांनी!) व्यसनी आणि बेताल ठरवलेल्या राजाला कागदपत्रांच्या बळावर न्याय मिळाला तो या मॅट्रिकवाल्याच्या चाळीस वर्षांच्या खटपटीने. आणि गंमत पाहा. १९३८ साली, गोऱ्या साहेबाचे राज्य असताना, बाळासाहेब खेरांच्या सरकारने याच माणसाला इतिहास-संशोधक म्हणून विलायतेला धाडले. पदवी विचारली नाही, काम विचारले.

आज हेच बेंद्रे अर्ज घेऊन आले तर? नेटच्या परीक्षेला बसायचे तरी पदवीचे दाखले हवेत. ती परीक्षा नाही तर अभ्यासवृत्ती नाही, आणि अभ्यासवृत्ती नाही तर दप्तरखान्याच्या वाटेचा खर्च पदरचा. या अटी घालणारा आयोग म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. १९५६ ते १९६१ या काळात त्याचे अध्यक्ष कोण होते? चिंतामणराव देशमुख, ज्यांचे बालपण रोह्यात, कुंडलिकेच्या काठी गेले! १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, आणि रिझर्व्ह बँक व अर्थखाते सांभाळूनही मेघदूत मराठीत आणायला सवड काढली. रोह्याच्या माणसाने ज्या घराचा कारभार पाहिला, त्या घराच्या दाराशी पेणच्या माणसाला आज दरवान अडवील.

यावर ठरलेले उत्तर येते: अटी काढल्या तर दर्जा घसरेल. दर्जा? २०१० साली आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांची पद्धत लावली. चर्चासत्रात निबंध वाचला की गुण. मग चर्चासत्रांचे पेव फुटले. शुल्क भरा, दहा मिनिटे वाचा, प्रमाणपत्र घ्या, जेवा, निघा. मी अशा एका सभेला गेलो होतो. विषय कोकणच्या लोककलेचा. ज्यांची कला, त्यांच्यापैकी एकही माणूस सभागृहात नव्हता. मी प्रश्न विचारायला उठलो तर आधी विचारले गेले, ‘आपण कोणत्या महाविद्यालयाचे?’ शाळामास्तर म्हटल्यावर वेळ संपली होती. दर्जा पदवीने राखला जातो की पुराव्याने, याचे उत्तर ‘साधन-चिकित्से’तच आहे. साधने कशी पारखावीत, हे सांगणारे ते पुस्तक लिहिणारा मनुष्य मॅट्रिक होता, हे पुन्हा सांगतो.

आणि हा भाग काही ओसाड नव्हे. रोह्याहून तळ्यामार्गे मांदाडच्या खाडीकडे गेले की कुड्याची लेणी लागतात. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणारे कोण आहेत? माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे आणि शिवभूती नावाचा एक लेखक, म्हणजे महाभोजाच्या पदरचा कारकूनही आहे. सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी या मंडळींना आपले नाव दगडावर कोरून घेता आले. आजच्या पेणच्या मूर्तिकाराचे नाव मात्र प्रबंधात ‘माहिती देणारा’ एवढ्यावर भागते. त्याच्याकडून साचे, शाडू, डोळ्यांची आखणी सगळे टिपून न्यायचे आणि इंग्रजीत छापायचे. छापलेल्याची एक प्रत त्याला पाठवायची रीत नाही.

म्हणून स्पष्ट मागतो. अभिजात मराठीच्या पैशातून काही अभ्यासवृत्त्या बिनपदवीच्या, पण पुरावा दाखवू शकणाऱ्या अभ्यासकांसाठी ठेवा. चर्चासत्र पेणला घ्या, रोह्याला घ्या, मराठीत घ्या. गणपतीची घाई ओसरल्यावर, भातकापणी झाल्यावर घ्या, म्हणजे मूर्तिकार आणि शेतकरी दोघेही येऊ शकतील. जागेची अडचण मात्र कृपा करून सांगू नका. सुट्टीच्या दिवशी शाळेचे बाक रिकामेच असतात.