उसनी पत आणि कमावलेली पत

७ जानेवारी २०२५ रोजी ओमानमधील 'कॅरफोर'ची सर्व दुकाने त्या नावाने बंद झाली आणि त्यांच्या जागी 'हायपरमॅक्स' ही नवी पाटी आली. चालक कंपनी तीच, दुबईची माजिद अल फुतैम. दोन महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, जॉर्डनमध्ये हेच घडले होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये बहरीन आणि कुवेत या देशांतही तेच घडले. या बदलामागे बहिष्कार होता, असे कंपनीने म्हटले नाही. मात्र गाझातील युद्ध सुरू झाल्यापासून समाजमाध्यमांवर या नावाविरुद्ध चाललेली मोहीम सर्वांच्या डोळ्यांपुढे होती, आणि बहिष्काराच्या पुरस्कर्त्यांनी या माघारीचे श्रेय उघडपणे घेतले.

एका किराणा साखळीची पाटी बदलणे ही वरकरणी व्यापारी पानावरची बातमी. तथापि मस्कत, सोहार, सलाला येथे नोकरी वा व्यवसाय करणाऱ्या मराठी माणसाने तिच्याकडे जरा थांबून पाहावे. उपाहारगृह, दवाखाना, लेखा सल्लागाराचे कार्यालय, वातानुकूलन यंत्रांच्या देखभालीचे कंत्राट अशा प्रत्येक उद्योगाचा नावलौकिक आज प्रथम मोबाइलच्या पडद्यावर पाहिला जातो आणि मग दारात पाऊल टाकले जाते. अशा वेळी एकच प्रश्न निर्णायक ठरतो: पडद्यावर दिसणारा हा लौकिक स्वतः कमावलेला किती आणि उसना आणलेला किती?

हुंडीच्या काळातील हिशेब

मस्कतचा आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याचा व्यापार शतकानुशतकांचा आहे. १९७० मध्ये ओमानचे स्वतःचे रियाल चलन येईपर्यंत तेथे रुपयाही चालत असे. कच्छमधील मांडवीहून आलेल्या रामदास ठाकरसी यांनी १८७० मध्ये मस्कतला पाय रोवले. त्या पेढीचा पुढे 'खिमजी रामदास' हा उद्योगसमूह झाला. याच घराण्यातील कनकसी खिमजी यांना सुलतान काबूस यांनी 'शेख' ही पदवी बहाल केली. हिंदू व्यापाऱ्याला असा मान मिळणे ही असाधारण गोष्ट होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ओमानी आणि भारतीय अशा दोन्ही समाजांनी हळहळ व्यक्त केली.

त्या काळी मुत्राहच्या बाजारात पत म्हणजे दिलेला शब्द पाळण्याची ख्याती. माल उधारीवर मिळे, खजूर आणि मोती यांच्या हंगामावर पैसा लागे, आणि एखाद्याने शब्द मोडला तर ती वार्ता पुढच्या गलबताबरोबर मुंबई बंदरात पोहोचे. लौकिक मंद गतीने पसरत असे, म्हणून तो घडायला पिढ्या लागत. मात्र तो ज्याचा त्याच्याच नावावर जमा होई. आजचा फरक केवळ वेगाचा नाही. आज लौकिक बाजारातून उचलता येतो: परदेशी नाममुद्रेचा करार करून, प्रभावकाला पैसे देऊन किंवा तारांकित अभिप्राय विकत घेऊन. या तिन्ही मार्गांनी मिळते ती उसनी पत, आणि उसनवारीचा स्वभाव असा की धनको कधी दाराशी येईल ते सांगता येत नाही.

दुसऱ्याच्या करणीचे ओझे

ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलमधील मॅकडोनाल्ड्सच्या फ्रँचायझीधारकाने तेथील सैनिकांना मोफत जेवण देत असल्याचे जाहीर केले. ती छायाचित्रे काही तासांत आखाती देशांतील मोबाइलवर फिरू लागली. ओमानमधील मॅकडोनाल्ड्सचा चालक वेगळा, मालकी स्थानिक, नफातोटा स्वतंत्र. तरी पाटी तीच. ओमानच्या चालकाने तातडीने निवेदन काढून गाझातील मदतकार्यासाठी एक लाख डॉलर देत असल्याचे सांगितले. कुवेत आणि कतार येथील चालकांनीही तशाच घोषणा केल्या.

जानेवारी २०२४ मध्ये मॅकडोनाल्ड्सचे मुख्य कार्यकारी अधिकारी ख्रिस केम्पझिन्स्की यांनी मान्य केले की, युद्ध आणि त्यासोबत पसरलेली चुकीची माहिती यांचा मध्यपूर्वेतील व्यवसायाला चांगलाच फटका बसला आहे. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने इस्रायलमधील २२५ उपाहारगृहे फ्रँचायझीधारकाकडून परत विकत घेण्याचे जाहीर केले. त्याआधी मार्चमध्ये, या प्रदेशात स्टारबक्स चालवणाऱ्या कुवेतच्या अलशाया समूहाने दोन हजारांहून अधिक कर्मचारी कमी केले. काउंटरमागे उभ्या असलेल्या त्या कर्मचाऱ्यांपैकी कोणीही त्या वादाला कारण झालेला नव्हता.

बहिष्कार न्याय्य की अन्याय्य, हा राजकीय मताचा विषय आहे. व्यवसायाच्या दृष्टीने येथे एक निराळी गोष्ट दिसते. फ्रँचायझीचा करार नाव वापरण्याचा हक्क देतो; त्या नावाच्या वर्तनावर नियंत्रण देत नाही. पूर्वी अंतरामुळे हा धोका झाकला जात असे. आता एका देशातील चालकाची कृती दुसऱ्या देशातील चालकाच्या दारात त्याच संध्याकाळी येऊन उभी राहते. ओमानच्या चालकाला जे काही सांगता आले, ते त्याच्या स्थानिक ओळखीच्या बळावर. 'हायपरमॅक्स'ने पहिल्या दिवसापासून स्थानिक उत्पादकांवर भर असल्याचे सांगितले, त्यामागेही हेच गणित दिसते.

विकतचे तारे

लहान व्यावसायिकाला वाटेल, ही मोठ्या माशांची गोष्ट. वस्तुस्थिती उलट आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकल लुका यांनी सिएटलमधील उपाहारगृहांचा 'येल्प' या संकेतस्थळाच्या आधारे अभ्यास केला. सरासरी तारांकन एका ताऱ्याने वाढले की स्वतंत्र उपाहारगृहांचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. साखळी उपाहारगृहांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. कारण उघड आहे: साखळीचे नाव ग्राहकाला आधीच ठाऊक असते, अनोळखी दुकानाबद्दल त्याच्यापाशी अभिप्रायाखेरीज दुसरा आधार नसतो. रुवीतल्या गल्लीतील खानावळीला तारे जितके लागतात, तितके ते बड्या साखळीला लागत नाहीत.

म्हणूनच तारे विकणाऱ्यांचा धंदा लहान व्यावसायिकांवर चालतो. 'शंभर पंचतारांकित अभिप्राय अमुक रियालांत' असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि नवा उद्योजक मोहात पडतो. परंतु या नाण्याची किंमत झपाट्याने घसरते आहे. गूगलने स्वतःच्या माहितीनुसार २०२३ मध्ये १७ कोटींहून अधिक आणि २०२४ मध्ये २४ कोटींहून अधिक नियमबाह्य अभिप्राय अडवले वा काढून टाकले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा बनावट अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. ब्रिटनमध्ये तशी बंदी एप्रिल २०२५ पासून आली. भारताने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००:२०२२' हे मानक जाहीर केले, मात्र ते ऐच्छिक ठेवले.

ओमानमध्ये २०१४ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला मनाई आहे आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे थेट तक्रार करता येते. समाजमाध्यमांवर वस्तू वा सेवांची जाहिरात करण्यासाठी वाणिज्य, उद्योग व गुंतवणूक प्रोत्साहन मंत्रालयाचा परवाना लागतो. ऑनलाइन दुकानांची नोंद ठेवणाऱ्या तेथील सरकारी मंचाचे नाव 'मारूफ ओमान' असे आहे. अरबीत 'मारूफ' म्हणजे ओळखीचा, सर्वांना ठाऊक असलेला. जुन्या बाजारात ज्याला 'ओळखीचे दुकान' म्हणत, त्याच कल्पनेला सरकारने डिजिटल रूप दिले आहे.

कायद्याची दुधारी कड

ग्राहक आणि व्यावसायिक या दोघांनाही ओमानमध्ये एका गोष्टीची जाणीव हवी. भारतात सहज केली जाणारी जाहीर बदनामी येथे गुन्हा ठरू शकते. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २०११ च्या कायद्यातील कलम १६ खासगीपणाचा भंग, परवानगीविना काढलेली छायाचित्रे वा चित्रफिती, आणि माहितीजालावरून केलेली निंदानालस्ती यांना लागू होते. खासगी आयुष्याविषयीची माहिती खरी असली, तरी ती प्रसिद्ध करणे हा बचाव ठरत नाही. शिक्षा एक ते तीन वर्षांचा कारावास आणि एक हजार ते पाच हजार रियाल दंड, किंवा यांपैकी एक.

रागाच्या भरात दुकानातील कर्मचाऱ्याची चित्रफीत काढून ती प्रसारित करणारा ग्राहक तक्रारदाराचा आरोपी होऊ शकतो. प्राधिकरणाकडे पावतीसह केलेली तक्रार हा तेथील सुरक्षित आणि बहुधा अधिक परिणामकारक मार्ग आहे.

व्यावसायिकापुढचा सापळा निराळा. प्रतिकूल अभिप्रायाला उत्तर देताना ग्राहकाचे नाव, दूरध्वनी, देयकाचा तपशील किंवा उपचारांची माहिती उघड करण्याचा मोह होतो. ओमानचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२२ मध्ये आला आणि १३ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला; आरोग्यविषयक माहितीला त्यात विशेष संरक्षण आहे. 'तुम्ही अमुक उपचारासाठी आला होता आणि पैसे थकवले' असे जाहीर उत्तर देणारा दवाखाना एका ताऱ्याचे नुकसान टाळायला जाऊन कायद्याच्या कचाट्यात सापडेल. योग्य उत्तर दोन ओळींचे असते: खेद, आणि खासगीत संपर्काचे निमंत्रण. तपशील नंतर, फोनवर.

नोकरदाराचे नाव आणि पेढीचे नाव

लौकिकाची उसनवारी दुसऱ्या दिशेनेही होते. नोकरदार आपल्या समाजमाध्यमावरील ओळखीत कंपनीचे नाव लिहितो, म्हणजे तो कंपनीचे नाव वापरतो. आणि त्याने काही लिहिले की कंपनी त्याच्या शब्दांची वाटेकरी होते. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, मुस्लिमविरोधी मजकूर लिहिल्यामुळे संयुक्त अरब अमिरातींत काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या. संबंधित कंपन्यांनी त्या मजकुराशी आपला संबंध नसल्याचे तातडीने जाहीर केले.

त्याच दिवसांत ओमानच्या राजघराण्यातील सय्यिदा मोना बिंत फहद यांच्या नावाने एक ट्वीट फिरले. त्यात भारतीय कामगारांना हाकलून देण्याची धमकी होती. लाखो भारतीयांच्या पोटापाण्याचा तो प्रश्न होता. अखेर सय्यिदांनी स्वतः खुलासा केला की ते खाते बनावट आहे आणि त्यांचा त्या मजकुराशी संबंध नाही. भारतीयांनी तो खुलासा मानला, कारण तो त्यांच्या स्वतःच्या, आधीपासून ठाऊक असलेल्या खात्यावरून आणि नावानिशी आला. संकटाच्या वेळी आपला आवाज ओळखू यावा, अशी जागा आधीच तयार असावी लागते. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

मग करावे काय?

यातून ओमानमधील मराठी व्यावसायिकासाठी काही व्यवहार्य निष्कर्ष निघतात. पहिला, दुकानाचे नाव, पत्ता, वेळा आणि दूरध्वनी सर्व ठिकाणी अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत अचूक आणि एकसारखे ठेवावेत. ओमानी ग्राहक अरबीत तक्रार करतो आणि त्याला अरबीत उत्तर मिळाले की निम्मा राग तेथेच ओसरतो. दुसरा, ग्राहकाला अभिप्राय मागावा, मात्र त्याबदल्यात काही देऊ नये. संतुष्ट ग्राहक बहुधा गप्प असतो; त्याला बोलते करणे यात गैर काही नाही. तिसरा, तक्रारीला कोण आणि किती तासांत उत्तर देणार हे आधी ठरवावे, आणि तो अधिकार दूरच्या जाहिरात संस्थेकडे न देता दुकानातील जबाबदार माणसाकडे ठेवावा. चौथा, परदेशी नाव वापरणाऱ्याने त्या नावाशेजारी स्वतःचीही ओळख उभी करावी: मालक कोण, कामावर कोण, माल कुठला. पाचवा, कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे चार नियम लेखी असावेत. ते धमकीच्या सुरात नसावेत, त्यांच्याच नोकरीच्या रक्षणासाठी आहेत हे त्यांना समजावे.

हे सारे कष्टाचे आणि संथ काम आहे, आणि म्हणूनच ते विकणारे फार कोणी भेटत नाही. एक चांगला अभिप्राय मिळवायला एक ग्राहक नीट सांभाळावा लागतो. त्याला पर्यायी रस्ता नाही. ओमानसारख्या लहान बाजारपेठेत, जेथे एका शहरातील निम्मे व्यावसायिक एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, तेथे पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले नाव फार काळ वेगवेगळे राहू शकत नाही. तंत्र बदलले, गती बदलली, नियम आले. पण जमाखर्चाच्या वहीत पत अजून त्याच्याच खात्यावर जमा होते, ज्याने ती राखली.